सगळे आपलेच लोक

“सोसायटी चांगली आहे मॅडम. पाणी भरपूर, देऊळ जवळ आणि मुख्य म्हणजे सगळे आपलेच लोक आहेत.”

हे वाक्य मी दोनदा ऐकलं. पहिल्यांदा चौदा वर्षांपूर्वी, आम्ही घर विकत घेत होतो तेव्हा. एजंट हे म्हणाला आणि मला हायसं वाटलं. ‘आपले’ म्हणजे कोण हे मी विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही. दोघांनाही ते न सांगता कळलं होतं.

दुसऱ्यांदा ऐकलं ते गेल्या वर्षी. आमच्या कॉलेजात मराठी शिकवणारे एक सर भाड्याने घर शोधत होते. माझ्या घराजवळच्या एका इमारतीत फ्लॅट रिकामा होता, म्हणून मीच एजंटला फोन लावला. त्याने तेच वाक्य त्याच सुरात म्हटलं. मग विचारलं, “पार्टी कोण आहे?” मी म्हटलं, माझे सहकारी आहेत, प्राध्यापक आहेत, नवरा-बायको आणि एक मुलगी. “आडनाव?” मी आडनाव सांगितलं. “ओनरशी बोलून कळवतो.” तिसऱ्या दिवशी त्याने कळवलं की घर गेलं. त्यानंतर दीड महिना त्या घराच्या गॅलरीत ‘भाड्याने देणे आहे’ची पाटी लटकत होती. भाजी आणायला जाताना मला ती रोज दिसायची.

सरांना सांगताना माझी जीभ जड झाली. ते म्हणाले, “मॅडम, तुम्ही नका मनाला लावून घेऊ. आमची ही सातवी वेळ. मी मोजत नाही, मुलगी मोजते.”

मी भौतिकशास्त्र शिकवते. एखादी गोष्ट मनातून जात नसली की ती मला त्याच भाषेत मांडून बघावी लागते. त्या रात्री मी कपाटातून बुद्धिबळाचा पट काढला.

पट काढण्याला एक कारण होतं. १९७१ साली टॉमस शेलिंग या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने एक निबंध लिहिला. अमेरिकेतल्या शहरांत गोऱ्यांच्या आणि काळ्यांच्या वस्त्या इतक्या वेगवेगळ्या का पडतात, हा त्याचा प्रश्न. तो त्याने घरी बसून पटावर दोन प्रकारची नाणी मांडून सोडवायला घेतला. पुढे २००५ मध्ये त्याला अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, पण त्या खेळाचे नियम सातवीतल्या मुलालाही पाच मिनिटांत समजतात. हे मी खात्रीने सांगते, कारण सुट्टीसाठी आलेला माझा भाचा सातवीत आहे आणि सकाळी उठल्यावर तोच माझा जोडीदार झाला.

नाणी पुरली नाहीत. स्वयंपाकघरात चिंचोके होते आणि पांढरे वाल होते. पटाचे चार कोपरे मोकळे सोडले आणि उरलेल्या साठ घरांत एक चिंचोका, एक वाल असे आलटून-पालटून मांडले. दाण्याचे शेजारी म्हणजे त्याला भिडलेली सगळी घरं, तिरकी धरून. नियम असा की शेजारी एकच असेल तर तो आपल्या रंगाचा हवा, दोन असतील तर त्यातला एक, तीन ते पाच असतील तर निदान दोन, सहा ते आठ असतील तर निदान तीन. तेवढे असले की दाणा खूश. नसले तर तो उठतो आणि जवळच्या अशा रिकाम्या घरात जातो जिथे त्याची अट पुरी होते.

ही अट मी भाच्याला दोनदा समजावली, कारण सगळी मेख तिच्यातच आहे. आठांत तीन. पाच शेजारी दुसऱ्या रंगाचे असले तरी या दाण्याची तक्रार नाही. अगदी एकटं पाडू नका, एवढंच त्याचं मागणं. इतकी सभ्य अट आहे ही. घर घेताना माझी अट याहून कडक होती, हे मला कबूल केलं पाहिजे.

आलटून-पालटून मांडलेल्या पटावर सगळे खूश असतात. मधल्या दाण्याला आठांतले चार आपले, कडेच्याला पाचांतले दोन. कुणी हलत नाही. “मावशी, खेळ संपला पण!” भाचा म्हणाला. मी तिथे जरा थांबले. मिसळलेली वस्ती अशक्य असते असं हा पट म्हणत नाही. ती असू शकते, कुणी धक्का दिला नाही तर टिकूही शकते.

मग शेलिंगने सांगितल्याप्रमाणे डोळे मिटून वीस दाणे उचलले आणि मोकळ्या झालेल्या जागांत कुठेही पाच दाणे परत टाकले. पंचेचाळीस दाणे, एकोणीस रिकामी घरं. आता काही दाणे नाराज झाले, पण फार नाहीत. उजवीकडे वरच्या बाजूला एका चिंचोक्याभोवती पाच वाल होते आणि एकच चिंचोका. भाच्याने त्याला उचलून खाली चार चिंचोक्यांपाशी नेऊन ठेवलं. तो तिथे सुखी झाला. पण तो उठल्यामुळे मागे राहिलेला चिंचोका एकटा पडला. आणि तो जिथे गेला तिथल्या एका वालाचा हिशेब बिघडला. त्याला आतापर्यंत पाच शेजाऱ्यांत दोन आपले होते, ते पुरेसे होते. आता शेजारी सहा झाले आणि आपले दोनच.

“हा तर आत्ता सुखी होता! याला काय झालं?”

त्याला काहीच झालं नव्हतं. तो जागचा हललाही नव्हता.

तासाभराने पट शांत झाला. एका बाजूला चिंचोक्यांचा ढिगारा, दुसरीकडे वालांचा पट्टा, मध्ये रिकाम्या घरांची फट. आम्ही मोजलं. दर दहा शेजाऱ्यांत सात-आठ आपल्याच रंगाचे निघाले. आठांत तिनांवर समाधान मानणाऱ्या दाण्यांनी हे केलं होतं. भाच्याने विचारलं, मग यात चूक कुणाची? मी त्याला म्हटलं, हाच प्रश्न पन्नास वर्षं लोक विचारतायत.

भौतिकशास्त्राच्या माणसाला हा पट बघून लोखंड आठवतं. लोखंडातला प्रत्येक अणू हा चिमुकला चुंबक असतो. शेजाऱ्यांचं तोंड जिकडे, तिकडे आपलंही करावं अशी त्याला ओढ असते, आणि उष्णता त्याला सतत ढोसून त्या ओढीपासून विचलित करत असते. विल्हेल्म लेन्झ या जर्मन प्राध्यापकाने १९२० मध्ये याचं अगदी सोपं प्रतिरूप मांडलं, अणूला दोनच दिशा, वर नाहीतर खाली, आणि ते अर्न्स्ट आयझिंग या विद्यार्थ्याला पीएच.डी.साठी दिलं. आयझिंगने एका रांगेतल्या अणूंचं गणित सोडवलं. तिथे काही विशेष घडत नाही असं त्याला आढळलं आणि दोन-तीन मितींतही घडणार नाही असा त्याने निष्कर्ष काढला. तो चुकला होता. १९४४ मध्ये लार्स ऑन्सागरने दोन मितींचं गणित पूर्ण सोडवून दाखवलं की एक उंबरठा असतो. तापमान त्याच्या वर असेल तर अणू मिसळलेले राहतात. त्याच्या खाली उतरलं की एका तोंडाचे अणू गोळा होऊन मोठमोठे प्रदेश तयार करतात. खऱ्या लोखंडाचा हा उंबरठा ७७० अंश सेल्सिअसच्या आसपास आहे. उंबरठ्याच्या जवळ तापमान जरासं बदललं तरी सगळं चित्र बदलतं, आणि एकेका अणूकडे बघून ते कळत नाही.

आयझिंग ज्यू होता. १९३३ मध्ये नाझी सत्तेवर आले आणि त्याची शिक्षकाची नोकरी गेली. पुढे तो लक्झेंबर्गला गेला, १९४७ मध्ये अमेरिकेत पोचला आणि तिथे एका लहान शहरात शिकवत राहिला. शेजाऱ्याचा शेजाऱ्यावर पडणारा दाब मोजणारं सगळ्यात प्रसिद्ध गणित त्याच्या नावाने चालतं. वर्गात ते शिकवताना मी त्याची ही गोष्टही सांगते. मुलं त्या दिवशी वहीतून मान वर करतात.

शेलिंगचा पट आणि हे लोखंड यांची गाठ पुढे संशोधकांनी घातली. देयान विंकोविच आणि ॲलन किरमन यांनी २००६ मध्ये दाखवलं की वस्त्यांच्या सीमेवरच्या दाण्यांची नाराजी ही द्रवाच्या पृष्ठताणासारखी वागते. कटाची आमटी गॅसवरून उतरवल्यावर तवंगाकडे बघत राहा. आधी बारीक बारीक थेंब असतात. मग दोन चिकटतात, चार चिकटतात, शेवटी दोन-तीन मोठी तळी उरतात. तेलाचं पाण्याशी वैर नसतं. सीमा जितकी लांब तितकी ती सांभाळायची किंमत जास्त, म्हणून सीमा आखूड होत जाते. वस्त्यांचंही तसंच होतं. सीमेवरचं घर सगळ्यात अस्वस्थ, तेच आधी विकलं जातं.

२००९ मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी यापुढचं एक गणित केलं, ते वाचून मी खरोखर हादरले. त्यांच्या प्रतिरूपातल्या माणसांना निम्मे आपले, निम्मे दुसरे असा शेजारच सगळ्यात जास्त आवडतो. फक्त, निम्म्यापेक्षा ढळायचंच असेल तर अल्पसंख्य होण्यापेक्षा बहुसंख्य झालेलं बरं, इतकाच कल. तरीही वस्त्या फाटतात. घर बदलणारा फक्त स्वतःचं बघतो, त्याच्या जाण्याने मागच्यांचं आणि येण्याने पुढच्यांचं काय बिघडलं याचा हिशेब त्याच्या खात्यात येत नाही. तो हिशेब काही प्रमाणात जरी त्याच्या निर्णयात धरला, तरी एका मर्यादेनंतर पट पुन्हा मिसळतो. ‘आम्हाला सगळे चालतात’ असं मनापासून म्हणणाऱ्या लोकांचं गाव कसं फाटतं, हे मला त्या दिवशी कळलं. चौदा वर्षांपूर्वी मीही मनापासूनच म्हणत होते.

रात्री मात्र मला झोप लागेना. पटात काहीतरी खोटं होतं.

पहाटे उठून दिवा लावला तेव्हा ते सापडलं. शेलिंगच्या पटावर रिकामं घर सगळ्यांना सारखंच रिकामं असतं. चिंचोक्याला जायचं तर चिंचोका जातो, वालाला जायचं तर वाल. सरांना घर मिळालं नाही ते अशा कुठल्या सभ्य अटींच्या बेरजेमुळे नव्हे. पाटी लटकत होती, तरी त्यांच्यासाठी ते घर रिकामं नव्हतंच.

शेलिंगला हे माहीत नव्हतं असं नाही. संघटितपणे केलेली बंदी आणि पैशाची विषमता ही वस्त्या वेगळ्या पडण्याची वेगळी कारणं आहेत, मी इथे फक्त तिसऱ्या कारणाबद्दल, म्हणजे एकेकाच्या स्वतःच्या निवडीबद्दल, बोलतोय, असं त्याने स्वतःच लिहून ठेवलं आहे. अमेरिकेत कित्येक घरांच्या खरेदीखतातच लिहिलेलं असे की हे घर काळ्या माणसाला विकायचं नाही, आणि १९४८ पर्यंत न्यायालयं ती अट पाळायला लावत होती. १९३० च्या दशकात सरकारी नकाशांवर काळ्यांच्या वस्त्या लाल रंगवून तिथली कर्जं धोक्याची ठरवली गेली. घर देताना भेदभाव करायचा नाही असा कायदा झाला १९६८ मध्ये. शेलिंगचा निबंध आला तेव्हा तो कायदा तीन वर्षांचा होता. निबंध वाचणारे पुष्कळ लोक हे विसरतात. ‘बघा, कुणाचाच दोष नाही, हे आपोआप होतं’ एवढंच त्यातून उचलतात. मला त्याचा राग येतो.

ज्या नियतकालिकात शेलिंगचा निबंध आला, त्याच्या आदल्या अंकात जेम्स साकोडाचा निबंध होता. त्यातही पट आणि सोंगट्याच होत्या, आणि त्याची मुळं त्याच्या १९४९ च्या पीएच.डी. प्रबंधात होती. त्याच्या सोंगट्यांना एकमेकांबद्दल ओढ, बेफिकिरी किंवा तिटकारा, यातलं काहीही असू शकतं, आणि दोन गटांना एकमेकांबद्दल वेगवेगळं वाटू शकतं. साकोडा जपानी वंशाचा अमेरिकी. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या लोकांना काटेरी तारांच्या छावण्यांत डांबलं, त्यात तो होता. टूली लेक आणि मिनिडोका या छावण्यांत राहूनच तो लोकांच्या गटातटांचा अभ्यास करत होता. १९४३ मध्ये सरकारने निष्ठेची प्रश्नावली वाटली, आणि तारेच्या आत एकाच वंशाच्या माणसांत ‘निष्ठावान’ आणि ‘अनिष्ठावान’ असे दोन तट पडले. शेलिंग जगाला ठाऊक आहे, साकोडा फार थोड्यांना. मला मात्र त्याचा पट जास्त खरा वाटतो. खडूची रेघ त्याने आतून पाहिली होती.

मीही मग खडू घेतला. नव्याने मांडलेल्या पटाच्या एका बाजूच्या सगळ्या रिकाम्या घरांवर फुल्या मारल्या. तिथे चिंचोक्यांना प्रवेश नाही. बाकी नियम तेच. भाचा उठून आला आणि न विचारता खेळायला लागला. या वेळी पट लवकर फाटला. काही चिंचोके शेवटपर्यंत नाराज राहिले, पण त्यांना जायला जागा नव्हती. वाल मात्र सगळे खूश. त्यांना फुल्यांचा काही त्रासच नव्हता, त्यांना त्या दिसतही नव्हत्या म्हणा.

आपल्याकडे या फुल्या कुणी मारल्या? गावकुसाबाहेर हा शब्द आपण इतक्या सहज वापरतो की त्यात एक भिंत आहे हेच विसरतो. ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी भारतातल्या जातींवर एक निबंध वाचला. भौतिकशास्त्राचा चष्मा लावून मी तो अलीकडे पुन्हा वाचला आणि थक्क झाले. लेन्झच्या चार वर्षं आधी बाबासाहेब गट ‘अ’ आणि गट ‘ब’ अशी चिन्हं घेऊन बोलत होते. गट ‘अ’ने लग्नसंबंधांपुरतं स्वतःला कोंडून घेतलं, तर गट ‘ब’ला इच्छा असो-नसो कोंडून घ्यावंच लागतं. काहींनी दार लावून घेतलं, इतरांना ते आपल्यासाठी लागलेलं आढळलं. एकटी जात कधी नसतेच, असतात त्या जाती. कुणी एका स्मृतिकाराने फतवा काढून हे लादलं, हे त्यांना मान्य नव्हतं. वरच्यांनी दार लावलं आणि खालच्यांनी त्यांचं अनुकरण केलं, आणि सामाजिक अंतर जितकं कमी तितकं अनुकरण जास्त, असा नियमच त्यांनी सांगितला. शेजाऱ्याचा दाब अंतरासोबत कमी होत जातो, हे मी वर्गात अणूंबद्दल शिकवते. फुली मारायला राजा लागत नाही, हे मला त्या निबंधाने दाखवलं. एकाने आपलं दार लावलं की दुसऱ्याच्या वाट्याला आपसूक भिंत येते.

पटाकडे परत येते. पट स्थिर झाल्यावर मी ओल्या फडक्याने फुल्या पुसल्या. आता सगळी घरं सगळ्यांना खुली. भाचा हात सरसावून बसला. दोन चिंचोके थोडे सरकले, तेही आपल्याच ढिगाऱ्याच्या कडेला. वालांच्या बाजूला एकही गेला नाही.

“का नाही जात? आता तर बंदी नाहीये.”

“पहिला जाईल तो तिकडे एकटा पडेल ना,” मी म्हटलं.

चुंबक शिकवताना आम्ही याला हिस्टेरेसिस म्हणतो. पोलादी सुई चुंबकाने एकाच दिशेने घासत राहा, मग चुंबक दूर ठेवा. सुई चुंबक होऊन बसलेली असते. बाहेरचं क्षेत्र काढून घेतलं म्हणून आतले अणू पूर्वीसारखे होत नाहीत, कारण आता ते एकमेकांना धरून असतात. त्यांची ती घडी मोडायची तर उलट्या दिशेचं क्षेत्र लावावं लागतं, नाहीतर सुई तापवावी लागते, ठोकावी लागते. नुसतं चुंबक काढून घेणं पुरत नाही, हे प्रयोगशाळेतलं मूल स्वतःच्या हाताने पाहतं.

१९२३ मध्ये मुंबई विधिमंडळात समाजसुधारक सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला की सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत. १९२४ मध्ये महाडच्या नगरपालिकेने चवदार तळं सगळ्यांना खुलं केल्याचा ठराव केला. फुली पुसली होती. तरी तीन वर्षं एकाही अस्पृश्याला त्या तळ्याचं पाणी घेता आलं नाही. घेतलं ते २० मार्च १९२७ ला, हजारो माणसं बाबासाहेबांच्या मागे रांगेने चालत गेली तेव्हा, आणि त्या दिवशी त्यांना मारही खावा लागला. मी लहानपणापासून चवदार तळ्याचा धडा वाचत आले, पण ठराव आणि पाण्याची ओंजळ यांच्यामधली ती तीन वर्षं मला कधी दिसली नव्हती. उलटं क्षेत्र म्हणजे काय, हे मला आता त्या रांगेत दिसतं.

डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने निर्णय घेतला की वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायची. महारवाडा, मांगवाडा, ब्राह्मणवाडा ही नावं जाऊन समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी नावं येणार. चांगला निर्णय आहे, मी त्याच्या बाजूची आहे. माझ्या आजोळच्या गावातही आता नव्या निळ्या पाट्या आहेत. पाटीखालचा रस्ता मात्र जिथे होता तिथेच आहे, आणि त्या रस्त्यावरची घरंही त्याच कुटुंबांची.

वेगळेपण मोजायची एक सोपी पद्धत आहे. एखाद्या गटातल्या माणसाच्या दारात उभं राहायचं आणि आजूबाजूच्या घरांपैकी किती त्याच्याच गटाची आहेत ते मोजायचं. सगळ्यांची सरासरी काढली की तो त्या गटाचा विलगतेचा निर्देशांक. शंभर घरांच्या गावात ८० एकाची आणि २० दुसऱ्याची, सगळी छान मिसळलेली, तर लहान गटाचा निर्देशांक येतो २० टक्के. तीच २० घरं गावाबाहेर एका जागी असली तर १००. पण मोठ्या गटाचं बघा. सगळं मिसळलेलं असतानाही त्याचा निर्देशांक ८० असतो. त्याने काही केलेलं नसतं, तो नुसता मोठा असतो. बहुसंख्य माणूस जन्मभर आपल्याच लोकांत राहतो आणि त्याला ते वेगळं राहणं वाटतच नाही. त्याला ते ‘नॉर्मल’ वाटतं. माझ्या हायसं वाटण्याचं मूळ मला इथे सापडलं.

आपल्या महानगरांचा असा अभ्यास झाला आहे. २००१ च्या जनगणनेचे वॉर्डनिहाय आकडे घेऊन सात मोठ्या महानगरांचा जो अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात मुंबईही होती. आर्थिक-सामाजिक स्थितीपेक्षा जातीनुसार वस्त्या जास्त वेगळ्या पडलेल्या आढळल्या. शहरात जात उरली नाही, सगळा पैशाचा खेळ आहे, असं म्हणणाऱ्यांनी तो वाचायला हवा. आणि वॉर्ड म्हणजे केवढा तर हजारो घरांचा. एका वॉर्डात तीन सोसायट्या आणि एक चाळवजा वस्ती असली, त्यांचे दरवाजे एकमेकांना बंद असले, तरी आकडेवारीत तो वॉर्ड मिसळलेलाच दिसतो. खरी रेघ दोन इमारतींच्या मधल्या कंपाउंडवर असते.

सुई तापवण्याबद्दल मला जे कळतं ते पुस्तकातलं नाही. माझं लहानपण पाटबंधारे खात्याच्या वसाहतीत गेलं. तिथे क्वार्टर यादीप्रमाणे मिळायची. नंबर लागला की जी रिकामी असेल तिची किल्ली हातात. शेजार निवडायची सोयच नव्हती. आमच्या डावीकडे तांबोळी काका, उजवीकडे कांबळे काका, समोर जोशी. दर तीन-चार वर्षांनी कुणाची तरी बदली, ट्रकमध्ये सामान, नवं कुटुंब. ईदचा शीरखुर्मा यायचा, १४ एप्रिलला कांबळे काकूंकडची खीर यायची, आणि आई कुणाची वाटी रिकामी परत पाठवायची नाही.

ते दिवस मी गोड करून सांगणार नाही. पहिली दोन वर्षं आई कांबळे काकूंच्या घरी पाणी प्यायचं टाळत होती. ‘आत्ताच चहा झालाय’ म्हणायची. हे तिनेच मला सांगितलं, मी कॉलेजात शिकवायला लागल्यावर, डोळ्यांत पाणी आणून. तिसऱ्या वर्षी धाकट्या भावाला रात्री दोन वाजता फीट आली, बाबा साइटवर होते, आणि काकू त्याला पदरात गुंडाळून रिक्षात बसल्या. त्यानंतर चहा आत्ताच झालेला नसायचा. आईचं मन काही भाषणाने बदललं नव्हतं. खात्याच्या यादीने दोन दारं शेजारी-शेजारी आणली होती आणि बरीच वर्षं तशीच ठेवली होती.

मग एकेक जण निवृत्त झाला. जोशी गेले त्यांच्या पेठेत, तांबोळी काकांनी मशिदीजवळ घर बांधलं, कांबळे काका त्यांच्या लोकांत गेले. आम्ही प्लॉट घेतला तोही विचारपूस करून. वीस वर्षं ज्यांच्या वाट्या आमच्या घरात होत्या, त्यातलं कुणीही कुणाच्या शेजारी राहिलं नाही. कुणी कुणावर रुसलं नव्हतं. हलवणारा हात थांबला आणि आम्ही सगळे जिथे-तिथे गोठलो.

सिंगापूरने १९८९ पासून सरकारी इमारतींत वंशानुसार मर्यादा घातली. देशातले बहुतेक लोक सरकारी घरांत राहतात. प्रत्येक इमारतीत चिनी, मलय, भारतीय किती टक्के असू शकतात हे ठरलेलं. वस्त्या मिसळलेल्या राहिल्या. त्याची किंमतही कुणाला तरी द्यावी लागते. मर्यादा भरलेल्या इमारतीत अल्पसंख्य कुटुंबाला घर विकायचं झालं की गिऱ्हाईक कमी मिळतं, कधी भावही कमी येतो. तो भार अल्पसंख्यांवर पडू नये असं मला वाटतं. पण निदान तिथे कुणी ‘हे आपोआप होईल’ म्हणून बसून राहिलं नाही.

भाचा सुट्टी संपवून गेला. पट अजून जेवणाच्या टेबलाच्या कोपऱ्यावर तसाच आहे, पुसलेल्या फुल्यांचे पांढरट डाग त्यावर अजून दिसतात. भाड्याच्या घरांना कंटाळून सरांनी आता कर्ज काढून घर घ्यायचं ठरवलं आहे.

मागच्या आठवड्यात आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी काका लिफ्टपाशी भेटले. तिसऱ्या मजल्यावरच्या आजी मुलाकडे बंगळूरला कायमच्या गेल्या, त्यांचा फ्लॅट विकायचा आहे. “मॅडम, एजंटच्या नादी नको लागायला. ओळखीत कोणी असलं तर सांगा. आपल्यातलं.”

“आहेत एक. आमच्या कॉलेजातले सर. नवरा-बायको दोघंही नोकरी करतात, मुलगी दहावीला आहे.”

“अरे वा. आडनाव काय?”

मी सांगितलं. लिफ्ट आली, दार उघडलं, आपसूक बंद झालं. आम्ही दोघंही आत गेलो नव्हतो. काका चष्मा काढून पुसायला लागले.

“रविवारी अकरा वाजता मी त्यांना घेऊन येते,” मी म्हटलं. “किल्ली तुमच्याकडेच असेल ना?”

“हो,” ते म्हणाले. “माझ्याकडेच आहे.”